राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे : अभिनेत्रीची कारकीर्द शोधणाऱ्यांसाठी

एखाद्या अभिनेत्रीवर भरवशाचा चरित्रलेख लिहायचा असेल, तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या या संग्रहालयाचं ग्रंथालय ही पहिली पायरी. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था आता एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. पुस्तकं, नियतकालिकं, कात्रणं, पोस्टर, स्थिरचित्रं आणि गाण्यांच्या चोपड्या असा ऐवज इथे आहे. सिनेमापुरती ही जागा फार समाधान देते. पण कारकीर्द पडद्यावर आणि टीव्हीवर अशी विभागलेली असेल, तर अर्धंच काम होतं. हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

उदाहरण रीमा लागूंचं घेऊ. जन्म १९५८, मूळ नाव नयन भडभडे. म्हणजे शोध दोन नावांनी करायला हवा. शिवाय ‘रीमा’, ‘रिमा’ आणि आडनाव नसलेली नुसती ‘रीमा’ अशी लेखनभेदाची भर. पण खरी गोम वेगळीच आहे. चरित्र अभिनेत्रीची सामग्री तिच्या नावाखाली कमी आणि चित्रपटांच्या नावाखाली जास्त सापडते. त्यामुळे ‘रीमा लागूंचं काय आहे?’ असं विचारू नका. ‘सिंहासन’ (१९७९), ‘आक्रोश’ (१९८०), ‘कलयुग’ (१९८१), ‘कयामत से कयामत तक’ (१९८८), ‘वास्तव’ (१९९९) अशी सालवार यादी घेऊन जा आणि एकेका चित्रपटाची सामग्री मागा.

गाण्यांच्या चोपडीत श्रेयनामावली आणि कथासार मिळतं, म्हणून सुरुवात तिथून करावी. मात्र ती प्रदर्शनाच्या आधी छापलेली असते. नंतर कापलेली भूमिका तिच्यात राहून जाते, ऐनवेळी आलेला कलाकार सुटतो. म्हणून शेवटचा शब्द पडद्यावरच्या श्रेयनामावलीचा. सालाचाही असाच घोळ होतो. ‘मैंने प्यार किया’ २९ डिसेंबर १९८९ला लागला, त्यामुळे त्याची परीक्षणं शोधायची तर १९९०चे अंकही चाळावे लागतात. त्या वेळी रीमा ३१ वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरचा मुलगा सलमान २४चा. ‘वास्तव’मधला मुलगा संजय दत्त तर त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. ‘आई’ या शिक्क्याबद्दल लिहिणाऱ्याने या तारखा शेजारी ठेवूनच लिहावं, एरवी त्या कामाचं मोल कळत नाही.

चित्रपट पाहायचा असेल तर आधी लेखी विनंती करा, अभ्यासाचा हेतू स्पष्ट लिहा. आयत्या वेळी जाऊन काही होत नाही. प्रत सुरू होताच येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरची लांबी टिपून घ्या. ३५ मिमी फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. ३,८०० मीटर म्हणजे साधारण १३९ मिनिटं. घरच्या डीव्हीडीवर तोच चित्रपट १३३ मिनिटांचा दिसला तर लगेच कात्री लागली असं म्हणू नका. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) व्हिडिओवर २५ने धावते, त्यात सुमारे चार टक्के वेळ कमी होतो. १२० मिनिटं भरली, तर मात्र नक्की काहीतरी गेलंय. अशा वेळी नायक-नायिकेची गाणी सोडून दुय्यम पात्रांचे प्रसंग आधी तपासा.

टीव्हीसाठी इथे आशा धरू नये. ‘खानदान’, ‘श्रीमान श्रीमती’, ‘तू तू मैं मैं’ या मालिकांनी रीमा घराघरांत पोचल्या, पण चित्रपट जपणं हेच या संस्थेचं मूळ काम. जुन्या मालिकांच्या टेप महाग असत, पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे अनेक भाग कुठेच नाहीत. अशा वेळी दैनिकांच्या बांधीव फायलींतला ‘आजचे कार्यक्रम’ रकाना उपयोगी पडतो. तारीख आणि वेळ मिळते, कलाकार मात्र क्वचितच. शिवाय तो रकाना म्हणजे ठरलेलं वेळापत्रक. एखादा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तर ते तिथे कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीचा अंकही पाहावा. इंटरनेटवर चढवलेल्या भागांत शेवटची नामावली बहुधा कापलेली असते. सलग पाच-सहा भाग तपासले की एखाद्यात ती पूर्ण सापडू शकते.

नाटकांची नोंदही इथे शोधू नका. ‘पुरुष’सारख्या प्रयोगांसाठी दैनिकांतल्या नाटकांच्या जाहिराती चाळा. त्यांत नाट्यगृह आणि वेळ असते, बहुधा कलाकारांची नावंही.