एम्बिरा कुठे ऐकवायचा: मोठ्या सभागृहात की वस्तीतल्या हॉलमध्ये?

नागपुरात परदेशी कलाकाराचा कार्यक्रम ठरला की मंडळात पहिला प्रश्न निघतो, ‘हॉल कोणता मिळतोय?’ माझं म्हणणं, आधी वाद्य कोणतं ते विचारा.

झिंबाब्वेचा एम्बिरा घ्या. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या, आणि आवाज घुमावा म्हणून ते भोपळ्यात धरून वाजवतात. त्यावर शिंपले किंवा बाटल्यांची झाकणं मुद्दाम लावलेली असतात, म्हणजे सुराला झणझण यावी. एका मोठ्या सभागृहात ही झणझण ध्वनियंत्रणेतला दोष समजून दाबून टाकलेली मी ऐकली आहे. फार वाईट वाटलं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, काढून टाकल्यासारखंच ते. वस्तीतल्या हॉलमध्ये सतरंजीवर, वादकापासून चार हातांवर बसलं की माइक लागतच नाही आणि जवारी ओळखणाऱ्या नागपूरकराला ती झणझण न सांगता कळते. पश्चिम आफ्रिकेचा २१ तारांचा कोराही असाच. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या एवढ्यांवर सगळं चालतं, हे विसाव्या रांगेतून कुठलं दिसायला!

जपानी ताइको ढोल असतील तर मात्र सरळ मोठं सभागृह घ्या. सिव्हिल लाइन्सचं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागचं कविवर्य सुरेश भट सभागृह. दुसऱ्यात सुमारे २००० माणसं बसतात. ताइको लहान खोलीत कानाला सोसवत नाहीत. स्पेनच्या फ्लामेंको नाचाला लाकडी मंच हवा, कारण तिथे पायाचा ठेका हेच वाद्य असतं. फरशीवर तो उमटत नाही, नर्तकीचे गुडघे मात्र दुखतात.

पैशांचं गणित वेगळं. मोठ्या सभागृहाला भाडं, प्रकाश, ध्वनी हे सगळं लागतं, मग प्रायोजक शोधा, आणि प्रायोजकाला ओळखीचं नाव हवं असतं. अनोळखी वाद्य तिथेच गळतं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेच्या हॉलमध्ये शिल्लक राहील ती पुढच्या कार्यक्रमाला लागते, म्हणून तिथे धाडस परवडतं. पण शंभर श्रोत्यांच्या वर्गणीतून विमानभाडं निघत नाही, तेव्हा पुण्या-मुंबईच्या आयोजकांशी तारखा जुळवून खर्च वाटून घ्या. गल्लीतलं पार्किंग, मे महिन्यातला उकाडा आणि खुर्च्या उचलायला तीच चार माणसं, या अडचणी खऱ्याच आहेत. अंगणात लाउडस्पीकर लावणार असाल तर रात्री १० ला थांबावंच लागेल.

पहिलाच प्रयोग असेल तर मी डोळे मिटून वस्तीतला हॉल सांगेन, थंडीतला, संध्याकाळी साडेसहाचा. मध्यंतरात चहा ठेवा आणि वादकाला तिथेच बसू द्या. लोक वाद्याला हात लावून बघू का विचारतील. त्याची हरकत नसेल तर बघू द्या.