सेप्टिक शॉकचा रुग्ण आणि बेळगावातील एक अतिदक्षता विभाग

खानापूर तालुक्यात प्रॅक्टिस करताना सेप्टिक शॉकचे, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरलेले, रुग्ण मला बेळगावला पाठवावे लागतात. तेथील ज्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाविषयी लिहीत आहे, तिथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक उपचारानंतर रुग्णाला पुन्हा तपासण्याची शिस्त.

जांबोटीकडच्या एका मावशींना लघवीच्या जंतुसंसर्गातून शॉक आला, तेव्हा मी सोबत गेलो होतो. कल्चरसाठी (जंतू ओळखण्याच्या तपासणीसाठी) रक्त घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू झाले. वजन सुमारे 50 किलो, म्हणजे किलोमागे 30 मिलीलिटरच्या हिशेबाने दीड लिटर सलाईन बसत होते. पण ते सरसकट न सोडता प्रत्येक बाटलीनंतर तपासणी होत होती. सिस्टरांनी काचेची पट्टी मावशींच्या तर्जनीच्या पेरावर 10 सेकंद दाबून धरली आणि पांढऱ्या पडलेल्या कातडीवर रंग परतायला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहिले. 3 सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर रक्तपुरवठा अजून अपुरा समजून ही तपासणी दर अर्ध्या तासाने केली जाते. सरासरी रक्तदाब 65 पर्यंत पोहोचेना, तेव्हा सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी) न थांबता हाताच्या शिरेतूनच नॉरॲड्रेनॅलिन हे रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करण्यात आले.

या पद्धतीमागे अभ्यास आहे. 2019 च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत 424 रुग्ण होते. बोट दाबून केलेल्या तपासणीनुसार उपचार झालेल्या गटात 28 दिवसांतील मृत्यू 34.9 टक्के, तर लॅक्टेटनुसार (रक्तपुरवठा अपुरा पडला की रक्तात वाढणाऱ्या पदार्थाच्या पातळीनुसार) उपचार झालेल्या गटात 43.4 टक्के होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही, तरी मला ही पद्धत पटते, कारण लॅक्टेट सावकाश उतरते आणि ते वाढलेले आहे एवढ्यावरच सलाईन चालू ठेवले, तर फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका असतो. लॅक्टेट इथेही तपासतात, पण केवळ त्या आकड्यावर पुढची बाटली लावत नाहीत.

नातेवाइकांना डॉक्टर मराठीत नीट समजावतात, मात्र संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीतच असते. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांसाठी ते मराठीतही हवे. त्याहून गंभीर उणीव डिस्चार्ज कार्डाची आहे. पहिले अँटिबायोटिक किती वाजता दिले आणि एकूण सलाईन किती गेले, हे त्यावर नसल्याने, पुढे गावाकडे रुग्णाची सूज आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहणाऱ्या डॉक्टरला अंदाजाने चालावे लागते. रुग्ण पाठवताना आधी फोन केल्यास बेड आणि शिरेतून औषध देण्याचा पंप तयार ठेवतात. रात्रीही फोन उचलला जातो.