"हेड गेलं" म्हणून साडेआठ हजार घेतले, अन् हेड तर बदललंच नव्हतं

नागपुरात मानेवाड्याला माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, अन् लग्नसराईत फोर बाय सिक्सच्या प्रिंटा. प्रिंटर सहा कलरचा, टँकवाला. मे महिन्यात एका हळदीच्या दीडशे प्रिंटांची ऑर्डर होती आणि पहिलीच प्रिंट बाहेर आली तर नवरी काकडीसारखी हिरवी. गंमत म्हणजे लाल साडी ओके, कुंकू ओके, केस काळेभोर, फक्त चेहरे अन् हात हिरवट. हे तेव्हाच नीट पाहिलं असतं तर पैसे वाचले असते.

घाईत बर्डीच्या एका रिपेअरवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, मोबाईलचा टॉर्च मारला, दोन मिनिटांत निकाल, "भाऊ, हेड गेलं तुमचं." हेड म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग. मी म्हटलं नोझल चेक मारून पाहू का, म्हणजे शाईची बारीक छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी टेस्ट प्रिंट, तर म्हणे कशाला उगाच शाई घालवता. अरे, नोझल चेकला शाई लागते किती, चार रेघा! पण मी ऐकलं. तीन दिवसांनी प्रिंटर आणून दिला, नवीन हेड अन् "ओरिजिनल" शाईचा सेट मिळून साडेआठ हजार, बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला, मी बी गप बसलो. जुनं हेड दाखव म्हणायचं तर सुचलंच नाही.

आठ दिवस बरं चाललं. मग उलटीच तऱ्हा, सगळंच गुलाबी, एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला तर आजोबाही गुलाबी.

शेवटी महालातल्या एका जुन्या मेकॅनिककडे नेला. त्यानं आधी नोझल चेक मारला, सहाही रंगांच्या रेघा अखंड. मग हेड उघडून मला जवळ बोलावलं, स्क्रूच्या खाचेत शाईचा वाळलेला थर अन् वर धूळ, पेचकस कधी लागलाच नव्हता तिथे. म्हणे चेहऱ्याच्या फिक्या रंगाला लाइट मॅजेंटा, म्हणजे फिकी गुलाबी शाई लागते, गडद लालला पूर्ण मॅजेंटा, म्हणून लाइटवालं नोझल सुकलं की साडी लालच राहते अन् माणूस हिरवा होतो. मे महिन्यातलं आपलं ऊन, त्यात प्रिंटर खिडकीपाशी आठ दिवस बंद पडलेला, सुकणारच. एक-दोनदा हेड क्लीनिंग, नाही जमलं तर बारा तास प्रिंटर बंद ठेवून परत नोझल चेक, एवढंच काम होतं. फक्त लाइट मॅजेंटाच्या रेघा पांढऱ्या कागदावर पटकन दिसत नाहीत, उजेडात धरून पाहाव्या लागतात.

गुलाबीचं कारण त्या बर्डीवाल्याची शाई. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधला कलर प्रोफाइल, म्हणजे कुठला रंग किती टाकायचा ते गणित, कंपनीच्या शाईच्या अन् कागदाच्या हिशोबानं बनलेला असतो, लोकल शाई टाकली की सगळी नोझलं चालू असूनही रंग सरकतो. नळ्यांमधली जुनी शाई संपेपर्यंत ते आठ दिवस बरे गेले. बाटल्यांना सील नव्हतं हे मला आता आठवून राहिलं.

बर्डीवाल्याला फोन केला तर म्हणे, "हेड तर एक नंबर टाकलं होतं, तुम्ही शाई कोणती टाकली?" म्हटलं, तूच टाकली ना बे! त्यानंतर फोनच उचलत नाही. नवरीच्या घरच्यांना प्रिंटा दुसऱ्या लॅबमधून काढून दिल्या, आणि मी सध्या सिरिंज घेऊन टँक उपसत बसलो आहे, चार बोटं अजूनही जांभळी आहेत.