लो पो बेंग: बॉक्समधली नको, सुटी मिळाली तरच घ्या

हाँगकाँगच्या युएन लाँगमधल्या एका जुन्या बेकरीतून गेले काही महिने आम्ही जवळजवळ दर आठवड्याला लो पो बेंग, म्हणजे गोड सारणाची पापुद्रेदार चिनी पेस्ट्री, आणतोय. सारणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. साखरेत पाकवलेला कोहळा, तीळ आणि चिकट तांदळाचं भाजलेलं पीठ. गोडी बेताची आणि कोहळा दाताखाली नीट लागतो.

माझं भांडण आहे पापुद्र्यावरून. पाणी आणि चरबीत मळलेल्या मैद्याच्या पोटात नुसत्या चरबीत मळलेला मैदा भरतात, लाटतात, गुंडाळतात, पुन्हा लाटतात. आपण चिरोट्याला साटा लावतो, तेच काम. एवढी मेहनत करून ही बेकरी बॉक्समधली प्रत्येक बेंग प्लास्टिकमध्ये सीलबंद करते! सारणातला ओलावा पापुद्र्यात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी हाती येतो चामट गोळा. बॉक्स सुट्यापेक्षा स्वस्त पडतो, म्हणून आम्ही सुरुवातीला तोच घेत होतो. पैसे वाचतात, पण ज्यासाठी खायची तेच जातं.

मूनकेकचा, म्हणजे चिनी मध्यशरद उत्सवात खातात त्या केकचा, हंगाम आला आणि सुट्या बेंग मिळेनाशा झाल्या. हा उत्सव 2025 मध्ये नेमका कोजागिरीला, 6 ऑक्टोबरला होता. आम्हाला मसाला दुधासोबत ताज्या बेंग हव्या होत्या. मागच्या ट्रेमध्ये दिसतही होत्या. म्हटलं, पैसे पूर्ण बॉक्सचे घ्या, फक्त प्लास्टिक लावू नका. नाही म्हणजे नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं एवढंही ऐकू नये याचा मला फार राग आला. त्या दिवशी एकच स्टार दिला असता.

आता तीन देतोय, कारण उपाय सापडला. ओव्हन 150 अंशांवर, पाच-सहा मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. गार होतानाच पापुद्रा कडक होतो, म्हणून घाई नको. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच घालू नका, आणखी चिवट होते. हंगाम संपल्यावर सकाळी लवकर गेलं की कागदी पिशवीत सुट्या बेंग पुन्हा मिळू लागल्यात, आणि त्या खरोखर अप्रतिम असतात. चौथा स्टार प्लास्टिक बंद झालं की लगेच देईन.

शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्या. पारंपरिक पापुद्र्यात डुकराची चरबी असते.