सहा सेंटीमीटर पात्याचा चाकू आणि खळ्यातले कोरीवकाम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या सुमारास, लाकूड कोरण्याचा एक छोटा संच मी ऑनलाइन मागवला. त्यात सहा सेंटीमीटर पात्याचा सरळ चाकू, चमचा खोलगट करण्यासाठी वाकडा चाकू, धार परतवण्यासाठी चामड्याची पट्टी, तिच्यावर चोळायची पॉलिशची हिरवी वडी आणि एक हातमोजा होता. सगळ्याचे मिळून सुमारे २,६०० रुपये पडले. घरात लाकडाचा कचरा करायला मनाई असल्यामुळे काम बाहेरच झाले: पुण्यात रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या कट्ट्यावर आणि सुट्टीत सावंतवाडीजवळच्या गावी घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या घडणीचे चाकू अनेक जण बनवतात.

आधी सरळ चाकूविषयी. पाते आखूड असल्यामुळे सुरुवातीला ते अपुरे वाटले, पण हाताच्या पंज्यात चाकूचे टोक नेमके कुठे आहे हे न बघता कळते, ते याच आखूडपणामुळे. पात्याच्या दोन्ही बाजूंना धारेपर्यंत जाणारा एकच सपाट उतार आहे. तो उतार लाकडावर टेकवला की चाकू किती खोल जाणार हे तोच ठरवतो, मनगटाला फारसे काही करावे लागत नाही. मूठ साध्या, बिनरंगी लाकडाची आहे आणि घाम आला तरी ती निसटत नाही. म्यान मात्र सैल निघाले. पिशवीत चाकू उलटा झाला की तो बाहेर येतो. आता म्यानाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मी तो बांधून ठेवतो.

चाकू धरण्याच्या पद्धती शिकताना मजा झाली ती आईमुळे. चाकूची मूठ गुडघ्याशी घट्ट रोवून, पाते स्थिर ठेवून, लाकूडच आपल्याकडे मागे ओढण्याची एक पद्धत आहे. मी दोन दिवस तिच्याशी झगडत होतो. आई शेजारी बसून काजू सोलत होती; ती म्हणाली, "अरे, ही विळीच की! पाते हलवायचे नसते, भाजी हलवायची." त्या दिवसापासून माझ्या ढलप्या लांब आणि सलग निघू लागल्या. विळीवर वाढलेल्या माणसाला या कामात थोडा फायदाच आहे, असे मला वाटते.

बाहेर बसून काय करावे, हा प्रश्न मी पहिल्या महिन्यात उलट बाजूने सोडवत होतो, म्हणजे आधी वस्तू ठरवायची आणि मग लाकूड शोधायचे. त्यात वेळ गेला. जे लाकूड हाती आले त्यालाच काय जमेल ते विचारावे, हे कळल्यावर काम सुरळीत झाले. पुण्यात पावसाळ्यापूर्वी फांद्यांची छाटणी होते तेव्हा रस्त्याकडेला ढीग पडतात, तेवढे मला वर्षभर पुरते. उभ्या झाडाला मी हात लावत नाही. राखीव जंगलात तर ओली फांदी तोडणे हा कायद्याने गुन्हा आहे.

पहिली वस्तू म्हणून विटीची शिफारस मी कोणालाही करीन. अंगठ्याहून थोडी जाड, दहा सेंटीमीटर लांबीची पेरूची फांदी घ्यावी आणि दोन्ही टोके निमुळती करावीत. दिसायला सोपे आहे, परंतु दोन्ही उतार सारखे नसले तर दांडूचा टोला बसताच विटी तिरकी जाते, त्यामुळे आपल्या कामाची परीक्षा तिथल्या तिथे होते. जाड भागाकडून बारीक भागाकडे कापत गेले तर लाकडाचे तंतू गुळगुळीत कापले जातात आणि उलट गेले तर पाते तंतूंत घुसून लाकूड फाटते, हे पुस्तकी वाक्य मला विटीनेच शिकवले. भोवरा त्यापुढचा. तो मी तीनदा केला. दोनदा आर (खालचा खिळा) मध्यभागी बसली नाही आणि भोवरा फिरण्याऐवजी अंगणभर नाचला.

पेरूचे लाकूड घट्ट आणि बारीक पोताचे आहे, त्यामुळे उलथणे आणि छोटी पळीही त्याचीच केली. फांदी ओली असतानाच कोरावी, वाळल्यावर तीच फांदी दुप्पट घाम काढते. मात्र अख्खी गोल फांदी तशीच ठेवली तर ती तडकतेच, कारण वाळताना लाकूड घेराच्या दिशेने अधिक आकसते आणि मधला गाभा त्याला जागा देत नाही. म्हणून फांदी उभी चिरून गाभा काढून टाकावा आणि अर्धवट काम प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. यावरून आमच्या घरी जे बोलणे झाले ते येथे देत नाही.

गावाकडे पांगाऱ्याचे लाकूड मिळाले. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत हे हलके लाकूड परंपरेने वापरले जाते आणि तिथल्या चितार आळीत रंगवलेली लाकडी फळे पाहिली की ते का, हे समजते. चाकू त्यात सहज शिरतो. पण धार जराशी बोथट असली तरी तंतू कापले न जाता दबतात आणि पृष्ठभाग केसाळ दिसतो. काळ्या कुड्याचा एक तुकडा मिळाला, त्यात कोरणे हे खरे सुख होते. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी याच झाडाच्या लाकडाची. दोन झाडांपासून मात्र दूर राहावे: कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, तिचा चमचा किंवा कबाबाची काडी कधीही करू नये, आणि बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात.

वाकड्या चाकूने निराशा केली. तो आला तेव्हा त्याची धार धड पळीचा खोलगट भागही काढू शकत नव्हती आणि वाकड्या पात्याला सपाट निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, धार लागत नाही. अखेर एका गोल काठीला पॉलिश पेपर गुंडाळून मी ती आणली. हातमोजा घसरत्या पात्यापासून वाचवतो, पण टोक आरपार जाते. डाव्या तळहातावरील खूण त्याची साक्ष आहे. मांड्यांच्या मधोमध लाकूड धरून मी कधीही कोरत नाही, कारण तिथली रक्तवाहिनी मोठी असते. दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवून हात पुढे ठेवले की चाकू सुटला तरी हवेतच जातो. हात लांब करून जेवढे वर्तुळ होते तेवढ्यात कोणी लहान मूल आले, तर काम थांबवावे.

चामड्याची पट्टी ही संचातील सर्वांत उपयोगी वस्तू ठरली. दर अर्ध्या तासाने दहा-बारा वेळा पाते तिच्यावर त्याच्या बोथट पाठीच्या दिशेने ओढले की धार परत येते. आठ महिन्यांत निसण्याची गरज मला तीनदाच पडली. पाते गंजणाऱ्या पोलादाचे आहे. गेल्या आठवड्यात, पहिल्या पावसात, पुसून न ठेवल्यामुळे एका रात्रीत त्यावर तपकिरी ठिपके आले. आता काम संपले की पाते पुसून तेलाचा हात फिरवतो. तयार पळ्यांना जवसाचे तेल लावतो, कारण ते वाळून घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही आणि महिन्याभराने खवट वास येतो. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगाळून टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवावी.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी सरळ चाकू आणि चामड्याची पट्टी एवढेच घेईन, वाकडा चाकू वेगळा आणि चांगला घेईन. सध्या बहिणीच्या मुलासाठी एक वीतभर लाकडी बैल कोरतो आहे. ती नागपूरला असते आणि तिकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले लाकडी बैल मिरवतात. धड आणि पाय झाले. शिंगे दोनदा तुटली, कारण शरीराच्या लांबीने जाणारे तंतू शिंगात आडवे येतात आणि तिथे लाकडात जोरच उरत नाही. आता डोक्याला दोन भोके पाडून शिंगे काळ्या कुड्याच्या उभ्या तंतूंच्या तुकड्यांतून वेगळी करणार आहे. वशिंड मात्र पहिल्याच प्रयत्नात जमले.