जेन कॉनच्या ‘एक्सक्लुझिव्ह’ वस्तू ईबेवर चढ्या भावाने घेणं: ऑगस्ट ते मार्चचा अनुभव

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला भरणाऱ्या जेन कॉन या टेबलावरच्या खेळांच्या मेळ्यात गुरुवारी सकाळी दहाला प्रदर्शनाचं दालन उघडतं आणि संध्याकाळच्या आत त्याच दालनातली प्रोमो कार्डं (खेळाच्या जाहिरातीसाठी काढलेली जास्तीची कार्डं), मिनी (खेळातल्या छोट्या मूर्ती) आणि फासे ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर दुप्पट-तिप्पट भावाने दिसू लागतात. १९६८ मध्ये लेक जिनिव्हा या गावात सुरू झालेला हा मेळा २००३ पासून इंडियानापोलिसमध्ये भरतो. तो चार दिवस चालतो आणि अलीकडे ७० हजारांवर माणसं येतात. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यापुढे रीसेलर, म्हणजे घेतलेली वस्तू पुन्हा चढ्या भावाने विकणारा, हाच सोपा रस्ता उरतो. त्या रस्त्याने ऑगस्टपासून मार्चपर्यंत खरेदी करून झाल्यावरचं हे मत आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. पहिल्या दोन आठवड्यांतला भाव हा बहुतेक वेळा वस्तूचा नसतो, घाईचा असतो. काही थोड्या वस्तूंना तो मोजावा लागतो. त्या कोणत्या, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: ही वस्तू पुन्हा छापायची किंवा ओतायची की नाही, हे कोणाच्या हातात आहे आणि तसं करण्यात त्याचा फायदा आहे का?

डब्यावर ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेलं असलं तरी त्यामागे निरनिराळी वचनं असतात. पहिला प्रकार म्हणजे ‘इथे आधी मिळेल’. सगळ्यात जास्त पैसे याच प्रकारात वाया जातात. २०२३ चा लोरकाना हा कार्डांचा खेळ आठवा. रेव्हन्सबर्गर या प्रकाशकाने पहिला संच ३ ऑगस्टला जेन कॉनच्या बूथवर विकायला काढला, लोक रात्रीपासून रांगेत उभे होते. तोच माल १८ ऑगस्टला गेमच्या दुकानांत आणि १ सप्टेंबरला मोठ्या साखळी दुकानांत येणार, हे आधीच जाहीर होतं. २४ पाकिटांच्या डब्याची छापील किंमत, पाकिटाला ५.९९ डॉलर धरून, १४३.७६ डॉलर. ऑनलाइन मात्र तो दुपटीच्या पुढे मागितला जात होता. नंतर पुन्हा छपाई झाली. ज्यांनी दोन-चार आठवड्यांसाठी तेवढे पैसे मोजले त्यांना हाती वेगळं काहीच मिळालं नाही. लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रेत्याच्या जाहिरातीत, ‘अर्ली रिलीज’ किंवा ‘डेब्यू’ असे शब्द दिसले की प्रकाशकाच्या पानावर दुकानात येण्याची तारीख बघा. तारीख असेल तर तिथेच थांबा.

दुसरा प्रकार ‘इथे पहिल्यांदा, नंतर वेगळ्या वाटेने’. फँटसी फ्लाइट या प्रकाशकाने लॉर्ड ऑफ द रिंग्सच्या कार्ड गेमसाठी ‘द मॅसिंग ॲट ऑस्गिलियाथ’ हा प्रसंग २०११ च्या जेन कॉनला आणला आणि पुढे तोच मागणीप्रमाणे छापून विकला. खेळात प्रत्यक्ष वापरायची, म्हणजे नवा नकाशा, नवं पात्र, नवा प्रसंग अशी जी वस्तू असते, ती प्रकाशकाला पुन्हा विकता येते आणि बहुतेक प्रकाशक विकतातही. कधी पुढच्या क्राउडफंडिंगमध्ये जास्तीची वस्तू म्हणून, कधी दुसऱ्या आवृत्तीच्या डब्यातच घालून. जर्मनीतल्या एसेनला भरणाऱ्या श्पील या खेळमेळ्यातली छोटी प्रोमो कार्डं याच गटातली. ऑक्टोबरमध्ये ती ईबेवर १५-२० डॉलरला दिसतात आणि पुढे त्यांतली बरीच बोर्डगेमगीक या खेळांच्या साइटच्या दुकानात मोजक्या डॉलरमध्ये मिळतात. जर्मनीत फ्रॉस्टेड गेम्सचं २४ खिडक्यांचं ॲडव्हेंट (नाताळाआधीचं) कॅलेंडर काही वर्षं निघालं, त्यातही अनेक खेळांचे प्रोमो असत. प्रोमो मुळात खेळाच्या जाहिरातीसाठी असतो, त्यामुळे तो तिजोरीत ठेवण्यात प्रकाशकाचा काही लाभ नसतो.

तिसरा प्रकार खरोखरच मर्यादित. २०१७ ला रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीचं हॅसकॉन हे संमेलन भरलं. तिथे मॅजिक या कार्डांच्या खेळाची तीन रुपेरी चौकटीची कार्डं आली: ग्रिमलॉक, नर्फ वॉर आणि स्वोर्ड ऑफ डंजन्स अँड ड्रॅगन्स. यात ट्रान्सफॉर्मर्स, नर्फ आणि डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हे हॅस्ब्रोचे तीन ब्रँड गुंतलेले आहेत आणि कार्डं नेहमीच्या स्पर्धांत चालतही नाहीत. अशा वस्तूंना पुन्हा छापण्याचं कारणच उरत नाही. सॅन डिएगो कॉमिक-कॉनची २०१३ ची काळ्या रंगातली मॅजिकची प्लेन्सवॉकर (जादूगार पात्रांची) कार्डंही याच गटातली. ती पात्रं पुन्हा छापता येतात, पण तेच चित्र तसंच पुन्हा येणं अवघड. वर्षाचा किंवा मेळ्याचा शिक्का, दुसऱ्या ब्रँडशी करार, वर्धापनदिनाची खूण, यांतलं काही असेल तर थांबून भाव उतरेलच असं धरू नका. इथे थांबायचं ते फक्त पहिली लाट ओसरेपर्यंत.

ती लाट कशी चालते हे कळलं की अर्धे पैसे वाचतात. गुरुवार ते रविवार ज्या लिस्टिंग लागतात त्यांतल्या बऱ्याच विक्रेत्यांच्या हातात माल नसतो. फोटो प्रकाशकाचा असतो आणि ‘मेळ्याला जाणार आहे, आणून देईन’ असा हिशेब असतो. बूथवर रोजचा कोटा लवकर संपला की या विक्री रद्द होतात. पैसे परत मिळतात, पण तोवर दुसरीकडचा बरा भाव निघून गेलेला असतो. पुढच्या सोमवारपासून घरी पोचलेली माणसं आपल्याकडचा जास्तीचा नग काढतात आणि माल एकदम वाढतो. मेळा संपल्यानंतरचा तिसरा ते आठवा आठवडा हा घेण्याचा काळ. त्यानंतर खऱ्या मर्यादित वस्तू हळूहळू वर जातात आणि बाकीच्या तिथेच रेंगाळतात. नाताळाच्या आधी सगळंच थोडं चढतं, म्हणून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात घेऊ नये. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा बरे भाव दिसतात.

भाव बघताना मागितलेली किंमत सोडून द्या. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ची चाळणी लावा. त्यातही एक फसवी जागा आहे: ज्या विक्रीत विक्रेत्याने ऑफर मान्य केली तिथे जुनी किंमत खोडलेली दिसते आणि खरी किती मिळाली ते दिसत नाही. तुमचं विक्रेता खातं असेल तर सेलर हबमधल्या प्रॉडक्ट रिसर्चमध्ये जुन्या विक्रीचे आकडे जास्त नीट मिळतात. एकाच वस्तूचे निदान पाच-सहा झालेले सौदे बघून मधला भाव धरा. सगळ्यात वरचा सौदा हमखास त्या पहिल्या शनिवारचा निघतो.

आता घासाघीस किती करता येते ते पाहू. समजा बूथवर ३० डॉलरला मिळालेली मिनी ९० ला लावली आहे. इंडियानाचा ७ टक्के विक्रीकर धरून विक्रेत्याला ती ३२.१० ला पडली. खरेदीदाराकडून ६ डॉलर टपालाचे आणि वर तेवढाच कर आला तर एकूण १०२.७२ होतात, आणि ईबेचं कमिशन या सगळ्या रकमेवर, करासकट, १३ टक्क्यांच्या आसपास लागतं. म्हणजे साधारण १३.३५ डॉलर गेले. टपाल आणि खरेदी वजा करून त्याच्या हातात ४४ च्या वर राहतात. तीच मिनी ६० ला दिली तरी १८ डॉलरच्या वर उरतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यानंतर, महिनाभर पडून असलेल्या लिस्टिंगला दोन-तृतीयांश भावाची ऑफर देण्यात काहीच चूक नाही, आणि ती बऱ्याचदा मान्य होते. पहिल्या आठवड्यात तीच ऑफर दिली तर उत्तरसुद्धा येत नाही.

नकली मालाबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण भाव जितका चढतो तितकी नक्कल फायद्याची होते. रेझिन मिनींची ‘रीकास्ट’ ही मोठी डोकेदुखी आहे. मूळ मिनीवरून सिलिकॉनचा साचा करून पुन्हा ओतली की ती किंचित आकसते, आणि रीकास्टवरून रीकास्ट केली की आणखी. पाय आणि बेसची खाच नीट बसत नसेल, चेहरा आणि साखळीचे दुवे वितळल्यासारखे मऊ दिसत असतील, काखेत किंवा झग्याच्या घडीत हवेचे बुडबुडे असतील, साच्याची रेघ जाड असेल, तर संशय घ्या. मूळ धातूची असलेली मिनी ‘रेझिनची आवृत्ती’ म्हणून विकली जात असेल तर घेऊच नका. थ्रीडी प्रिंट ओळखायला तिरपा उजेड टाका, वळणावर थरांच्या बारीक पायऱ्या दिसतात. रंगवलेली किंवा प्राइमर मारलेली एक्सक्लुझिव्ह मिनी फोटोवरून तपासता येत नाही, हे गृहीत धरूनच तिचा भाव ठरवा.

कार्डांसाठी ३० पट भिंग पुरतं. खऱ्या ऑफसेट छपाईत चित्र ठिपक्यांच्या फुलांनी बनलेलं असतं आणि काळी अक्षरं वेगळ्या थरात, सलग आणि धारदार असतात. अक्षरांतही ठिपके दिसले तर ते स्कॅनवरून छापलेलं आहे. मॅजिकच्या कार्डांच्या मागे जे पाच रंगांचे गोल असतात, त्यांतल्या हिरव्यात भिंगाखाली ‘एल’च्या आकारात चार लाल ठिपके दिसायला हवेत. मोबाइलचा दिवा आरपार बघायची युक्ती साध्या कार्डांना ठीक आहे, चमकत्या फॉइल कार्डांना ती लावू नका. कार्ड वाकवून बघण्याचा सल्ला काही जण देतात, तो तर मुळीच ऐकू नका. अमेरिकेत २५० डॉलरच्या वरच्या सुट्या ट्रेडिंग कार्डांना ईबेची अस्सलपणाची तपासणी मिळते. मिनी, फासे, पंचबोर्ड (तुकडे सुटे करून वापरायचा छापील पुठ्ठा) यांना ती नाही, त्यामुळे तिथे तुमचे डोळेच कामाला येतात. पैसे देण्याआधी आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसोबत फोटो मागा. माल हातात असलेला माणूस तो दहा मिनिटांत देतो.

फार स्वस्त सील पॅक डब्यांपासूनही दूर राहा. २०२३ च्या जेन कॉनमध्ये मांडणी चालू असतानाच सुमारे ३ लाख डॉलरच्या कार्डांचं पॅलेट चोरीला गेलं होतं. मेळ्याच्या आठवड्यात घाऊक भावाच्या खाली सील पॅक माल दिसला तर तो कुठून आला हे विचारायलाच हवं.

टेबलावर वापरायचं असेल तर आणखी तीन गोष्टी, ज्या लिस्टिंगमध्ये कोणी लिहीत नाही. पहिली मापाची: प्रोमो ६३×८८ मिमीचा आहे, ५९×९२ चा की ४४×६८ चा, हे तुमच्या डब्यातल्या कार्डांशी जुळवा. दुसरी छपाईची. प्रोमो बहुतेक वेळा वेगळ्या खेपेत छापतात आणि मागचा रंग थोडा फिका किंवा गडद येतो. पत्ते पिसल्यावर तो लगेच ओळखू येतो, म्हणून अपारदर्शक पाठीच्या स्लीव्हशिवाय (कार्डाच्या प्लास्टिकच्या खोळीशिवाय) तो खेळात घालू नये. तिसरी आवृत्तीची. पहिल्या आवृत्तीचा प्रोमो दुसऱ्या आवृत्तीत नियमांमुळे निरुपयोगी ठरतो, तरी विक्रेते फक्त खेळाचं नाव लिहून मोकळे होतात. एसेनचा माल असेल तर भाषाही विचारा.

पॅकिंगची सूचना पैसे देतानाच लिहा: कार्ड आधी साध्या स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या खोळीत), वर टीम बॅग (बंद होणारी पातळ पिशवी) आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा. टॉपलोडरच्या तोंडावर थेट चिकटपट्टी लावलेली नको, ती काढताना कार्डाचा कोपरा जातो. २० डॉलरपर्यंतच्या कार्डांना विक्रेते ईबेचं साधं पाकीट वापरतात. ते चालतं, पण पंचबोर्डचा प्रोमो त्यात घालायला नकार द्या, तो वाकूनच येतो.

रीसेलरकडे जाण्याआधी दोन दारं वाजवून बघावीत. प्रकाशकाला ईमेल करा. मेळ्यानंतर उरलेला माल छोटे प्रकाशक टपालखर्च घेऊन पाठवतात, निदान कुठे मिळेल ते सांगतात. आणि बोर्डगेमगीकवरच्या मॅथ ट्रेडमध्ये, म्हणजे अनेकांच्या वस्तू संगणकाने जुळवून होणाऱ्या अदलाबदलीत, आपला जास्तीचा प्रोमो टाका. तिथे बदल्यात वस्तू मिळते आणि चढा भाव मध्ये येतच नाही.

याबाबतीत प्रकाशकांवर आमचा राग आहे, आणि तो रीसेलरपेक्षा जास्त आहे. खेळायचं पात्र किंवा प्रसंग चार दिवसांच्या बूथपुरता ठेवायचा आणि मग काळाबाजाराबद्दल हळहळायचं, हे पटत नाही. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये पोकेमॉनच्या पिकाचू कार्डासाठी इतकी झुंबड उडाली की ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरक्षेच्या कारणाने वाटपच थांबवावं लागलं. माणशी एक नग, बॅज स्कॅन, खेळ विकत घेणाऱ्यालाच प्रोमो, आणि उरलेल्यांसाठी ठरावीक मुदतीची मागणीनुसार छपाई, एवढं केलं तरी फुगवटा बराच उतरतो.

पुण्या-मुंबईत मागवणाऱ्यांसाठी: ईबेची भारतीय साइट २०१८ मध्येच बंद झाली, तेव्हा खरेदी अमेरिकेतल्या साइटवरून होते आणि सीमाशुल्क तुम्ही मोजलेल्या रकमेवर, टपाल आणि विमा धरून लागतं. म्हणजे रीसेलरच्या चढ्या भावावरही शुल्क भरावं लागतं. मूळ छापील किंमत दाखवून ते कमी होत नाही, उलट बिल जुळलं नाही तर पार्सल अडकतं. २०१९ च्या डिसेंबरपासून ‘भेट’ म्हणून पाठवलेल्या पार्सलची सवलतही राहिलेली नाही. घोषणापत्रावर ‘टॉय’ लिहू नका असं विक्रेत्याला आधीच सांगा. खेळण्यांच्या शीर्षाखाली मूळ शुल्क २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं, शिवाय त्यांना बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) नियम लागतात. टेबलावरच्या खेळांचं शीर्ष वेगळं आहे. ‘बोर्ड गेम ॲक्सेसरी’, सोबत खेळाचं नाव, नगांची संख्या आणि खरी रक्कम, एवढं स्पष्ट लिहून घ्या आणि पैसे दिल्याच्या पावतीची छापील प्रत जवळ ठेवा.