कुंड्यांसाठी ठिबक किट आणि टायमर – घ्या, पण फिल्टर आधी बघा

तीन महिने झाले वापरतेय म्हणून आता लिहिते. किटमध्ये 24 ड्रिपर, बारीक नळी, टी-जॉइंट आणि नळाला लावायचा बॅटरीवाला टायमर येतो. ड्रिपर ताशी 2 लिटरचे आहेत, मी सकाळी 20 मिनिटं लावते, म्हणजे सगळ्या कुंड्यांना मिळून साधारण 16 लिटर, आणि पाइप धरून उभी राहायचे तेव्हा एवढं पाणी दोनेक मिनिटांत जायचं, त्यातलं अर्धं तर कुंडीखालून फरशीवर!

जोडणी सोपीये. नळी कडक असते, गरम पाण्यात जरा बुडवली की जॉइंटवर पटकन चढते.

आता रडगाणं. सोबतचा फिल्टर म्हणजे नुसती नावाला जाळी. आमचं पाणी जड, महिन्याभरात पाच ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर, आणि मला कळलं कधी, तर मोगऱ्याने माना टाकल्या तेव्हा. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून फुंकर मारली, चार सुटले, एक गेलाच. मग वेगळा फिल्टर लावला, तेव्हापासून त्रास नाही. टायमरला पावसाचं काही कळत नाही हां, बंद आपणच करायचा.

लॉनसाठी मात्र घेऊ नका, थेंब पडतो तेवढाच गोल हिरवा राहतो. आणि कुंडीत वरून वाळक्या पानांचा थर द्या, मी दिल्यावर एक दिवसाआड पाणी पुरतंय.

पाचपैकी चार स्टार, एक फिल्टरचा कापला.